बीएमडब्ल्यू झेड८ विकत घेताना: आधी सांगाडा बघा, मग इंजिन ऐका

जुनी गाडी बघायला गेलं की आपण सवयीने आधी बॉनेट उघडतो, इंजिन चालू करून कान लावतो, काट्यावर किती किलोमीटर पडलेत ते वाचतो आणि मग गाडीभोवती एक चक्कर मारतो. झेड८ या दोन माणसांच्या, उघड्या टपाच्या स्पोर्ट्स गाडीच्या बाबतीत हा क्रम उलटा करायचा. तिच्यातलं ४.९ लिटरचं व्ही८ इंजिन त्याच काळातल्या एम५ सेडानमध्येही होतं. ते उघडून पुन्हा जोडायचा सराव असलेले मेकॅनिक आहेत, त्याचे सुटे भाग मिळतात, त्याच्या दुखण्यांना नावं आहेत. पण सांगाडा, पत्रा, टप, दिवे हे सगळं फक्त या एका गाडीसाठी घडवलं गेलं, आणि अशा गाड्या जगात एकूण ५,७०३ बनल्या. इंजिनात पैसा घालून गाडी पुन्हा उभी करता येते. वाकलेल्या सांगाड्याची झेड८ घेतली, तर पैसा घालूनही मनासारखी होत नाही.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात काकांच्या गॅरेजमध्ये वाढलो आणि आता बरीच वर्षं म्युनिकजवळ राहतो. एका मित्राला ही गाडी घ्यायची होती, म्हणून त्याच्यासोबत तीन झेड८ बारकाईने पाहिल्या. दोन सोडल्या, तिसरी घेतली. त्या तीन गाड्यांनी जे शिकवलं ते इथे सविस्तर लिहितोय.

हा लेख कोणासाठी हेही आधीच सांगतो. भारतात ही गाडी आणून चालवायचा विचार असेल तर आयातीचे नियम आडवे येतात: बाहेरून आणलेली वापरलेली गाडी ३ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं. झेड८चं उत्पादन २००३ मध्ये थांबलं आणि सगळ्या गाड्या डाव्या स्टिअरिंगच्याच बनल्या. त्यामुळे पुढचं सगळं जर्मनी, अमेरिका, आखात असं बाहेर राहणाऱ्यांसाठी, आणि अर्थात ज्यांना या गाडीबद्दल मनापासून जाणून घ्यायचंय त्यांच्यासाठी.

मूळ कुठून आलं

झेड८चं नाक, बाजूच्या जाळ्या, लांब बॉनेट आणि मागे सरकलेली बैठक हे सगळं बीएमडब्ल्यू ५०७ वरून आलंय. अल्ब्रेख्त फॉन गोएर्ट्झ यांनी रेखाटलेली ती गाडी १९५६ ते १९५९ या काळात विकली गेली आणि फक्त २५२ बनल्या. गाडी अतिशय देखणी होती, पण बनवायला इतकी महाग पडली की कंपनीला तिने खड्ड्यात घातलं. १९५९ च्या अखेरीला बीएमडब्ल्यू डाइमलरच्या, म्हणजे मर्सिडीज बनवणाऱ्या कंपनीच्या, घशात जाणार होती; क्वांट कुटुंबाने पैसा घातला म्हणून वाचली.

त्या गाडीला मानवंदना म्हणून १९९७ च्या टोकियो मोटर शोमध्ये झेड०७ नावाची कल्पनागाडी मांडली. बाहेरचं रूप हेन्रिक फिस्कर यांचं. लोकांनी इतकी उचलून धरली की ती जवळपास तशीच्या तशी बनवायचं ठरलं आणि १९९९ च्या फ्रँकफर्ट मोटर शोमध्ये झेड८ आली. त्याच वर्षीच्या बाँडपटात हेलिकॉप्टरला लटकणाऱ्या करवतींनी तिचे दोन तुकडे केलेले अनेकांना आठवत असतील. सांगाडा डिंगोल्फिंगच्या कारखान्यात बनायचा आणि गाडी म्युनिकमध्ये हाताने पूर्ण व्हायची. ही हातजोडणी लक्षात ठेवा, कारण पुढे फटी मोजताना ती कामाला येणार आहे.

पहिली पायरी: कोणती झेड८

प्रकार दोनच. नेहमीच्या झेड८ला ४०० अश्वशक्ती आणि ६ गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. शेवटी २००३ मध्ये अल्पिना रोडस्टर व्ही८ आली, एकूण ५५५. अल्पिना म्हणजे बीएमडब्ल्यूच्या गाड्यांमध्ये फेरफार करून आपल्या नावाने विकणारी जर्मन कंपनी. तिच्यात ४.८ लिटरचं वेगळं इंजिन, ५ गिअरचा ऑटोमॅटिक, २० इंची चाकं आणि मऊ सस्पेन्शन. तिच्यातल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या. आरामात लांब फिरायचं असेल तर अल्पिना फार सुखाची. पण क्लच दाबून गिअर टाकायचा आनंद हवा असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. माझं मत विचाराल तर ५०७ ची खरी वारसदार मॅन्युअलवालीच.

वर्षावरून फार डोकं फोडू नका. २००० ची आणि २००२ ची यांत गाडी म्हणून मोठा फरक नाही. गाडी कुणी कशी सांभाळली हा फरक शंभरपट मोठा आहे. रंगाचंही तसंच. बाजारात चंदेरी टायटॅनियम सिल्व्हर सगळ्यांत जास्त दिसते, त्यामुळे लाल किंवा टोपाझ निळ्या गाडीला विकणारा जास्त पैसे सांगणार. तो रंग खरोखर आवडत असेल तर द्या, फक्त दुर्मीळ म्हणून देऊ नका.

एकूण गाड्यांपैकी जवळपास निम्म्या अमेरिकेत विकल्या गेल्या. युरोपात विकायला असलेली गाडी कधीकधी तिकडून परत आलेली असते. स्पीडोमीटरवर मैलाचे आकडे आणि पुढच्या-मागच्या बंपरच्या कडेला छोटे दिवे दिसले की ओळखा. त्यात वाईट काही नाही, पण मग अमेरिकेतले कागद मागायचे. तिकडे अपघातानंतर विम्याने मोडीत काढलेल्या गाडीच्या मालकीच्या कागदावर तसा शिक्का पडतो, आणि असा शिक्का असलेली झेड८ कितीही चकाचक असली तरी तिच्या वाटेला जायचं नाही.

दुसरी पायरी: कागद घरी बसून वाचा

गाडी बघायला निघण्याआधी विकणाऱ्याकडून सर्व्हिस बुकाची, सगळ्या बिलांची आणि मालकीच्या कागदाची छायाचित्रं मागवा. १७ अक्षरांचा चासी नंबर प्रत्येक कागदावर एकच आहे का ते अक्षर न अक्षर ताडून बघा. बिलांवरचे किलोमीटर तारखेनुसार एका कागदावर उतरवून काढा. आकडा प्रत्येक ओळीत वाढलाच पाहिजे. आणि जिथे तीन-चार वर्षांत शंभर किलोमीटरही वाढले नाहीत, तिथे गाडी उभी होती असं धरा. उभ्या गाडीचे रबर, सील, टायर आणि बॅटरी चालत्या गाडीपेक्षा लवकर म्हातारे होतात. म्हणून अगदी कमी किलोमीटरच्या गाडीवर भाळू नका. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर नियमित चाललेली आणि दरवर्षी तेल बदललेली गाडी मला कधीही जास्त आवडते.

जर्मनीत एक सोपी खूण आहे. नंबरप्लेटच्या उजव्या टोकाला वर-खाली दोन महिने छापलेले असतील, समजा ०४ आणि १०, तर ती गाडी एप्रिल ते ऑक्टोबर एवढीच रस्त्यावर येते. म्हणजे हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ तिला लागलेलं नसण्याची शक्यता मोठी. पण सध्याच्या मालकाआधी काय होतं ते बिलांवरूनच कळेल.

तिसरी पायरी: पत्रा आणि सांगाडा

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्यायचा. माझ्या हिशेबाने निदान दीड तास.

काका शर्टाच्या खिशात रुमालात गुंडाळलेलं एक लोहचुंबक ठेवायचे. गाडी बघायला गेले की ते रुमालासकट पत्र्यावरून फिरवायचे. जिथे चुंबक धरायचं नाही तिथे खाली पुट्टी भरलेली. झेड८वर हे चालत नाही, कारण पत्राही ॲल्युमिनियमचा आणि आतला सांगाडाही ॲल्युमिनियमचा. चुंबक कुठेच चिकटत नाही. त्यासाठी रंगाची जाडी मोजायचं, लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्हीवर चालणारं यंत्र लागतं. साधी, फक्त लोखंडावर चालणारी स्वस्त यंत्रं इथे निरुपयोगी, घेताना हे नीट विचारून घ्या.

प्रत्येक भागावर पाच-सहा ठिकाणी टेकवा आणि आकडे लिहून ठेवा. कारखान्यातला मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो. मोठा आकडा बघण्यापेक्षा शेजारच्या दोन भागांतला फरक बघा. आम्ही पाहिलेल्या पहिल्या गाडीचं बॉनेट १२०, उजवा फेंडर ११८, दार १२५ असं छान चाललं होतं. डाव्या फेंडरला यंत्र टेकवलं तर ३१०. सरकवलं, ३४०. चाकाच्या कमानीजवळ ४६०. विकणारा म्हणाला की ओरखडा होता, रंग मारून घेतला. ओरखड्यासाठी कुणी तिथे पुट्टी भरत नाही. मित्र तोवर गाडीच्या प्रेमात पडला होता, मला बाजूला घेऊन म्हणाला, "अरे, पण एकच तर फेंडर आहे." मी त्याला बॉनेट उघडून फेंडरचे बोल्ट दाखवले. तीन बोल्टांच्या डोक्यांवरचा रंग पाना लागून उडाला होता. म्हणजे फेंडर काढला होता, आणि त्याचं बिल फाइलमध्ये नव्हतं. ती गाडी आम्ही तिथेच सोडली.

बिल दाखवलेली दुरुस्ती वेगळी आणि लपवलेली वेगळी. ॲल्युमिनियमचं काम लोखंडाच्या पत्र्याच्या गॅरेजमध्ये करायचं नसतं. तेच हातोडे, तेच घासणारे कागद वापरले तर लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात, त्यावर ओल लागली की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि काही वर्षांनी रंगाखाली पांढरट भुकटी धरते. रंगाला बारीक फोड येतात. दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, डिकीच्या झाकणाची आतली दुमड आणि स्क्रूंच्या भोवतालची जागा या ठिकाणी बोट फिरवून फोड शोधा. डोळ्याआधी बोटाला कळतं.

आता फटी. बॉनेट आणि फेंडर, दार आणि मागचा भाग यांमधल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. हाताने जोडलेली गाडी आहे, त्यामुळे केसाएवढा फरक क्षम्य. पण एकीकडे पुढे अरुंद आणि मागे रुंद अशी पाचर दिसली तर थांबा.

ती पाचर जिथून येते ती जागा म्हणजे पुढच्या शॉकअपचं वरचं टोक बसतं तो भाग. झेड८चा सांगाडा ॲल्युमिनियमचे पोकळ दांडे जोडून बनवलाय आणि एरवी तो भक्कम आहे. पण गाडी मूळची रनफ्लॅट टायरवर आली. हवा गेली तरी चालतील म्हणून त्यांच्या भिंती जाड आणि कडक. खोल खड्ड्यात चाक आपटलं की धक्का टायर खात नाही, तो सरळ वर शॉकअपच्या बैठकीला बसतो. काही गाड्यांत ही बैठक त्यामुळे फुगते किंवा किंचित सरकते. तपासायची पद्धत अशी: इंजिन थंड असताना बॉनेट उघडा, दोन्ही बैठकींच्या माथ्यावर स्टीलची सरळ पट्टी ठेवा आणि मागून मोबाइलचा दिवा धरा. पट्टीखालून येणारा उजेड दोन्ही बाजूंना सारखा दिसायला हवा. एकीकडे मधोमध उंचवटा लागला, किंवा रंगाला केसासारख्या भेगा दिसल्या, तर ती बाजू फुगलेली आहे. नंतर चाकांच्या अलाइनमेंटचा छापील कागद मागा. डाव्या आणि उजव्या पुढच्या चाकाच्या झुकावात मोठा फरक असेल आणि तो जुळवूनही जुळत नसेल, तर पट्टीने सांगितलेलं खरं.

बऱ्याच मालकांनी दोन बैठकींना जोडणारा आडवा दांडा नंतर बसवून घेतलाय. दांडा दिसला म्हणून घाबरू नका. बहुतेकांनी तो काळजीपोटी बसवलाय. पण तो कधी बसवला, त्याआधी मोजमाप केलं होतं का, हे विचारा. शक्य असेल तर दांडा काढून पट्टी लावू द्या असं सांगा. आम्ही पाहिलेल्या दुसऱ्या गाडीचा मालक याला तयार झाला नाही. आम्ही आभार मानले आणि निघालो.

चौथी पायरी: टप, दिवे आणि बारीकसारीक वस्तू

प्रत्येक झेड८सोबत त्याच रंगाचा हार्डटॉप, म्हणजे वेगळा काढता-घालता येणारा कडक टप, मिळाला होता. तो गाडीसोबत आहे का, आणि रंग खरंच जुळतो का हे उन्हात नेऊन बघा. हार्डटॉप नसेल तर माझा सल्ला, गाडी सोडा. नंतर स्वतंत्र मिळणं दुर्मीळ, मिळाला तर रंग वेगळा. तो ठेवायचा स्टँडही मागून घ्या. हार्डटॉप प्रत्यक्ष बसवून दाखवायला सांगा. कुलुपं नीट बसली पाहिजेत आणि काचेच्या वरच्या कडेला रबर सगळीकडे सारखं दाबलं गेलं पाहिजे.

कापडी टप दोनदा उघडून-मिटून बघा. मोटर कण्हत असेल, मध्येच अडत असेल, तर दुर्लक्ष करू नका, तसं का होतंय ते विचारा. घड्या पडतात तिथे कापड उजेडासमोर धरल्यासारखं आतून बघा.

मागचे दिवे आणि इंडिकेटर निऑन नळ्यांचे आहेत. त्या काळी हे मोठं नवल होतं. दिवा लागताना साध्या बल्बसारखा हळू उजळत नाही, एकदम पूर्ण रेघ पेटते. नळ्या गाडीच्या आयुष्यभर टिकाव्यात अशा बनवल्यात, पण दिवा धक्क्याने फुटला तर तो दुसऱ्या कुठल्या गाडीचा बसत नाही. संध्याकाळी एकदा मागे उभं राहून दोन्ही बाजूंचा उजेड सारखा आहे का बघाच. कंपनीने ५० वर्षं सुटे भाग ठेवण्याचं वचन दिलंय, ते मोठं समाधान आहे. पण भाग मिळणं आणि परवडणं या दोन गोष्टी आहेत, तेव्हा गाडी बघतानाच प्रत्येक तुटक्या भागाची किंमत डीलरकडून लेखी मागवा.

आत बसा. काटे ड्रायव्हरसमोर नसून डॅशबोर्डच्या मधोमध, किंचित तुमच्याकडे वळलेले. स्टिअरिंगचे आरे तारांच्या जुडीसारखे, जुन्या काळातल्या गाड्यांसारखे. रेडिओ झाकणामागे लपवलाय. आतला धातूचा रंगीत भाग बाहेरच्या रंगाशी जुळतो. सीटच्या डाव्या कडेवरचं चामडं बघा, बसता-उठता तिथेच घासतं; ती झीज काट्यावरच्या किलोमीटरशी मेळ खायला हवी.

सोबतच्या वस्तूंची यादी करा: दोन्ही किल्ल्या, पुस्तिका, हत्यारांचा संच, हार्डटॉपचं कव्हर. अमेरिकी गाड्यांमध्ये मोटोरोलाचा घडीचा मोबाइलही यायचा. स्टीव्ह जॉब्स यांची २००० ची झेड८ डिसेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ३,२९,५०० डॉलरला गेली, तेव्हा तो फोन गाडीसोबतच होता. नवी असताना अमेरिकेत गाडीची किंमत १,२८,००० डॉलर होती. या गाडीच्या बाजारात अशा लहान वस्तूंना खरी किंमत आहे.

पाचवी पायरी: आता इंजिन

आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. थंड असेल तरच पुढे.

चालू केल्यावर पहिला अर्धा मिनिट डिझेलसारखी टकटक येणं या इंजिनात नवं नाही. ती व्हॅनोसची, म्हणजे झडपांची वेळ पुढे-मागे करणाऱ्या यंत्रणेची. तेल पोचल्यावर आवाज विरला पाहिजे. इंजिन तापल्यावरही राहिला तर व्हॅनोसचं काम आलंय असं धरून किंमत बोला. टायमिंगला बेल्ट नाही, साखळी आहे. साखळी ज्यावरून घसरते त्या प्लास्टिकच्या पट्ट्या वयानुसार ठिसूळ होतात आणि ते काम मोठं आहे. इंजिनाच्या पुढच्या बाजूने खरखर आली, किंवा तेल बदलताना प्लास्टिकचे तुकडे निघाल्याचं बिलात लिहिलेलं असलं, तर सावध.

संगणक जोडून चुका वाचून घ्या. हवा मोजणारे सेन्सर आणि कॅमशाफ्टचे सेन्सर हे नेहमीचे दुखणाईत, फार खर्चाचे नाहीत. तेल किती पितं ते मालकाला सरळ विचारा. हे इंजिन तेल खातं, हे प्रामाणिक मालक स्वतःहून सांगतो आणि डिकीतून बाटली काढून दाखवतो. बाटलीवर १०डब्ल्यू-६० हा तेलाचा प्रकार लिहिलाय का बघा.

सहावी पायरी: चालवून बघा

तेल पूर्ण तापेपर्यंत, निदान पंधरा मिनिटं, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा ३,००० च्या वर नेऊ नका. मालकाची गाडी आहे आणि कदाचित तुमची होणार आहे. मग तिसऱ्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवरून ॲक्सिलरेटर दाबा. ५०० न्यूटन मीटरचा जोर सलग, कुठेही न अडखळता यायला हवा. क्लच चौथ्या गिअरमध्ये घसरतो का बघा. सरळ रस्त्यावर हात सैल सोडा. गाडी एका बाजूला ओढली तर पुन्हा शॉकअपच्या बैठकीकडे जायचं.

टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी आठ-दहा वर्षांचे टायर बदलायचेच. अनेकांनी रनफ्लॅट काढून साधे टायर बसवलेत आणि गाडी त्याने खूपच गोड चालते. फक्त गाडीत स्टेपनी नाही हे लक्षात ठेवून हवा भरायचा पंप आणि पंक्चरचं सामान डिकीत ठेवा.

शेवटची पायरी: तिसऱ्या माणसाचा डोळा, मग सौदा

एवढं सगळं पार पडलं की झेड८ किंवा त्या काळातल्या एम५ वर काम केलेल्या, विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर घ्या. आमच्या वेळी तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने सांगाड्याच्या प्रत्येक जोडावर दिवा धरला, खालचे बोल्ट एकेक करून बघितले आणि चाळीस मिनिटांत एक शब्द बोलला नाही. शेवटी त्याने फक्त मान डोलावली. त्या मान डोलावण्याचे जे पैसे दिले ते सगळ्यांत सार्थकी लागले.

करारात चासी नंबर, दाखवलेले किलोमीटर, हार्डटॉप आणि सोबतच्या प्रत्येक वस्तूचं नाव लिहून घ्या. "अपघात नाही" हे वाक्य विकणाऱ्याच्या सहीसकट हवं. विमा मान्य किमतीचा काढा, म्हणजे दरवर्षी घसारा लावून किंमत कमी होणार नाही. जर्मनीत ३० वर्षांनी वारसा गाडीची एच नंबरप्लेट मिळते. २००० च्या गाड्यांना ती २०३० पासून. त्या दिवशी मूळ रंग, मूळ चाकं आणि मूळ दिवे असलेली गाडी पुढे असेल, म्हणून काढलेला प्रत्येक मूळ भाग कागदात गुंडाळून जपा.

गाडी घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिनाचं तेल, ब्रेकचं तेल आणि कूलंट बदला, बॅटरीला हळू चार्ज करणारा चार्जर जोडा. आणि हार्डटॉप एकट्याने कधी उचलू नका. एकाने डावीकडे, एकाने उजवीकडे उभं राहायचं, अंगठ्या आणि पट्ट्याची बकलं आधी काढून ठेवायची, मागच्या फेंडरवर जाड चादर टाकायची आणि तोंडाने मोजून एकदम सरळ वर उचलायचा.